हात लावू नका, वॉरंटी जाईल

तीन वर्षं आमच्या गाडीचं बॉनेट मी अमरावतीत कुणालाही उघडू दिलं नाही. त्यात मीही आलो.

गाडी घेतली अकोल्याहून, कारण अकोला माझी सासुरवाडी आणि शोरूमवाला सासऱ्यांच्या ओळखीचा. चावी देताना तिथला विक्रेता म्हणाला, सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच करा, नाहीतर वॉरंटीला अडचण येईल. हे माझ्या डोक्यात रेशनकार्डासारखं बसलं. ज्या दुकानात नाव, तिथंच धान्य. गाडी अकोल्याची, म्हणजे सर्व्हिसिंगही अकोल्यालाच! अमरावतीत बडनेरा रोडवर त्याच कंपनीचं भलंमोठं वर्कशॉप आहे. रोज ऑफिसला जाताना मी त्याच्यासमोरून जायचो आणि मनात म्हणायचो, अमरावतीत गाडी घेणाऱ्यांची मजा आहे बुवा.

मग दर सहा महिन्यांनी आमची वरात अकोल्याला. शंभरेक किलोमीटर जायचं, गाडी वर्कशॉपला टाकायची आणि दोन दिवस सासऱ्यांकडे मुक्काम. सासूबाई गेल्यापासून त्या घरात सासरे आणि माझी मेहुणी रूपा, दोघंच. आम्ही यायच्या आदल्या दिवशीच सासरे बाजारातून पिशव्या भरून आणत. मधल्या काळात गाडीला कुणी हात लावायचा नाही, हा माझा कायदा. शेजारच्या काकांनी एकदा वायपरचं पाणी भरून देतो म्हटलं, तर मी त्यांच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिलो. माझी बायको सुलभा हे सगळं ओट्यावरून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "काच मी पुसू का, का त्याच्यासाठीबी अकोल्याले जा लागते?"

(वॉरंटीचं पुस्तक होतं ना घरात! प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ते जपून ठेवलं होतं. दसऱ्याला गाडीबरोबर त्याचीही पूजा करायचो. हळद, कुंकू, वर आपट्याचं पान. पूजेतली वस्तू उगाच उघडून बघायची नसते, एवढे संस्कार आमच्यावर आहेत.)

वॉरंटीचे शेवटचे पंधरा दिवस उरले होते, तेव्हा रूपाचा साखरपुडा आला. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. नवऱ्या मुलाची अंगठी अमरावतीच्या सराफाकडे केलेली, आणि ती घेऊन येण्याची जबाबदारी थोरल्या जावयावर, म्हणजे माझ्यावर. सकाळी निघालो. मूर्तिजापूरजवळ इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. वाजले होते साडेदहा.

गाडी थांबली ती नेमकी एका गॅरेजसमोर. दुसऱ्या कुणाला हा देवाचा कौल वाटला असता. मला ते संकट वाटलं. गॅरेजचे मालक रहीमभाई पाना घेऊन पुढे आले आणि मी दोन्ही हात पसरून बॉनेटला पाठ लावली. ते चांगलंच तापलेलं होतं, म्हणून पाठ लगेच काढली, पण हात पसरलेलेच ठेवले. म्हटलं, हात लावू नका, वॉरंटी जाईल.

रहीमभाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भाऊ, दवाखान्याच्या दारात येऊन कोनी म्हनते का, नाडी पाहू नका?"

मी ऐकेना. सुलभा घड्याळाकडे बघत होती. सासऱ्यांचा तीनदा फोन येऊन गेला होता. शेवटी रहीमभाईंनी पाना खाली ठेवला.

"बरं, गाडीले नाई लावत हात. पुस्तकाले त लावू?"

अकोल्याला निघताना पुस्तक बरोबर असायचंच, म्हणून मी नाइलाजानं ती प्लॅस्टिकची पिशवी दिली. त्यांनी हात पुसले, पुस्तक उघडलं. आतून आपट्याचं वाळलेलं पान पडलं, ते उचलून त्यांनी अदबीनं माझ्या हातात ठेवलं. शेवटच्या पानावर कंपनीच्या मदतीचा नंबर होता. त्यांनीच तो लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा माझ्यापुढे धरला. पलीकडच्या मुलीनं गाडीचा नंबर विचारला, गाडी उचलून न्यायला माणूस येईल म्हणाली, आणि मग विचारलं, "सर, गाडी अकोल्याला न्यायची की अमरावतीला?"

मी म्हणालो, अमरावतीचं वर्कशॉप आम्हाला चालत नाही, आमची गाडी अकोल्याची आहे.

ती मुलगी लहान मुलाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाली, "सर, कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतं. पहिल्या दिवसापासून."

सुलभानं घड्याळावरची नजर काढून माझ्यावर लावली. लग्नाच्या बारा वर्षांत मला तिची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

पुढचं सगळं रहीमभाईंनी केलं. मदतनिसाला आमच्या गाडीपाशी बसवलं, गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि स्वतःच्या जुन्या जीपमध्ये आम्हाला घालून अकोल्याला निघाले. ज्या माणसाला मी हात लावू दिला नाही, त्यानं मला सव्वाबाराला मांडवात पोचवलं. अंगठी वेळेवर बोटात गेली. मी आग्रह करकरून त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

जेवताना सुलभानं सगळी हकीकत सांगितली. पंगत हसली, व्याही हसले, होणारा जावईसुद्धा (आत्तापासूनच!) हसला. फक्त सासरे हसले नाहीत. आचवायला गेलो तेव्हा ते तांब्या घेऊन माझ्या मागोमाग आले.

"जावईबापू, मले माईत होतं."

"काय?"

"तुमचं अमरावतीतच होते म्हनून. शोरूमवाल्यानं पह्यल्याच सर्व्हिसिंगले सांगतलं होतं मले. मीच त्याले म्हटलं, तू जावयाजवळ काई बोलू नोको." ते तांब्यातलं पाणी माझ्या हातावर घालत राहिले. "तुमी तिथंच करून घेतलं असतं, त मंग पोरगी कवा आली असती माही? आता रूपाबी चालली."

हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी मी तसाच वाकून उभा राहिलो.

गाडीचा पाण्याचा पंप गेला होता. वॉरंटीत फुकट बदलून मिळाला. आता वॉरंटी संपली, गाडी कुठंही दाखवायला मी मोकळा आहे, आणि दर सहा महिन्यांनी अकोल्यालाच नेतो. रहीमभाईंचा मी ऋणी आहे, फोनवरच्या त्या मुलीचाही आहे. पण सगळ्यात जास्त आभार सासऱ्यांचे. त्यांनी तीन वर्षं मला शहाणं होऊ दिलं नाही. अर्थात, त्यात त्यांना फारसे कष्ट पडले नसणार.