ठसा जुळंना

कोल्हापुरात दुकानांचे संगणक जोडून देणं हा माझा धंदा. हुपरीतलं एक कुटुंब चांदीचे पैंजण घडवतं. नक्षी घरातल्या वहिनी संगणकावर काढतात आणि कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, आपल्या दुकानात पाठवतात. मागच्या दिवाळीला त्यांची नवी नक्षी शेजारच्या दुकानात आधी झळकली. कशी फुटली, कुणालाच कळलं नाही, पण घरच्या कर्त्या दादांची झोप उडाली. "वाटंत कुणाच्या हाताला लागणार न्हाय असं कायतरी बसवा," ते मला म्हणाले.

मी व्हॉट्सॲप मोडीत काढलं. पेनड्राइव्ह एसटीत हरवतो, म्हणून तोही बाद. फाइल पाठवायचं जुनं एफटीपी म्हणजे उघडं पोस्टकार्ड, वाटेतल्या कुणीही वाचावं. एसएफटीपीतून सगळं कुलूपबंद जातं, तेच घ्या, असं तासभर भाषण ठोकलं. दादांनी दोनदा चहा मागवला, म्हणजे पटलं असावं.

हे साधन नव्या पत्त्याला जाताना समोरच्या मशीनचा ठसा दाखवतं. ठसा म्हणजे अक्षरा-आकड्यांची लांबलचक माळ; पत्ता बदलला तरी मशीन तेच असेल तर ठसाही तोच. मग विचारतं, ओळखता का? मी ती माळ जन्मात कधी वाचली नाही, डोळे झाकून 'यस' टाकतो. वहिनींनी मात्र दुकानाच्या मशीनचा ठसा वहीत उतरवून घेतला, एकेक अक्षर दोनदा विचारून. मला हसू आवरेना.

लग्नसराईच्या तोंडावर दुकानाच्या मशीनचा पत्ता बदलला. नवा पत्ता मी फोनवर सांगितला. पाच मिनिटांत वहिनींचा उलटा फोन.

"भावजी, ठसा जुळंना."

"काही होत नाही. यस टाका."

"वळख न्हाय पाळख न्हाय, तसंच आत शिरायचं व्हय?"

"अहो, मी सांगतोय ना!"

"तुमी सांगताय की. पन वही दुसरंच सांगतीया."

माझं डोकं सणकलं. चांगलं सुनावावं म्हणून मी पत्त्यांची यादी पुढ्यात ओढली आणि बोट ठेवून पाहिलं. मी एक ओळ खालची वाचली होती. तो पत्ता शेजारच्या दुकानाचा. तेही माझंच गिऱ्हाईक. आणि आळसापायी सगळ्या गिऱ्हाइकांना मी एकच नाव, एकच पासवर्ड देऊन ठेवलेला. वहिनींनी माझं ऐकलं असतं तर नक्षी थेट शेजारच्यांच्या घरात गेली असती, तीही अगदी सुरक्षित.

सगळं खरं सांगितलं, एकाच पासवर्डासकट, आणि शिव्या खायला कान तयार ठेवले.

वहिनींनी बरोबर पत्ता घातला, वहीशी ठसा ताडून पाहिला, नक्षी दुकानात पोचल्याची खात्री केली. मग म्हणाल्या, "उद्या यिऊन आमचा पासवर्ड बदला."

"बदलतो."

"आन् शेजारच्यांचा बी बदला. त्यांची बी नक्षी असती की."

इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्यांकडे आधी गेलो.