बोरकुटे सरांचे रंगीत उंदीर

आम्ही जुने विद्यार्थी चहाला जमलो की बोरकुटे सरांचा विषय निघतोच, आणि मग घरच्यांना जेवण पुन्हा गरम करावं लागतं. सर नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर. सत्तरच्या दशकात ते गांधीबागेतल्या कापडाच्या गोदामांत उंदरांच्या वागणुकीवर संशोधन करत, आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. उंदीर मारायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. पकडायचे, पाठीवर रंग लावायचा आणि जिथे सापडले तिथेच सोडायचे.

*

परवानगी मागायला गेलो तेव्हा हा नियम ऐकून लोडाला टेकलेले कापडाचे व्यापारी धनराजशेठ ताठ बसले. "पकडता, रंगवता अन् परत माझ्याच गोदामात सोडता? मंग मी काय इथं लॉज चालवून राहिलो का?"

सरांनी अगदी काळजीने विचारलं, की मग त्या उंदरांनी जायचं कुठे? शेठनी गोदामाची किल्ली सरांपुढे सरकवली. परवानगी मिळाली.

*

पिंजऱ्यांत आम्ही शेंगदाण्याचं तेल लावलेली भाकरी ठेवायचो. एकदा सर बोलता बोलता तीच खाऊन बसले, आणि काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डब्यात दिलेली वांग्याची भाजी-पोळी पिंजऱ्यांत गेली. त्या दिवशी एकही पिंजरा रिकामा नव्हता! सरांनी घरी जाऊन हा निष्कर्ष मोठ्या आनंदाने सांगितला.

काकू म्हणाल्या, "चला, कोणाले तरी आवडली."

*

एक उंदीर वजन करायला कॉलेजात न्यायचा होता. सर कापडी पिशवी घेऊन सिटी बसमध्ये चढले. पिशवी काहून हलून राहिली, असं कंडक्टरने विचारलं. सर खोटं बोलत नसत. त्यांनी उंदीर आहे म्हणून सांगितलं. पुढच्या स्टॉपवर अर्धी बस उतरली आणि सरांना खिडकीची जागा मिळाली.

पुढे सर रिकामी पिशवी घेऊनही बसमध्ये चढू लागले. खोटं ते तेव्हाही बोलले नाहीत. पिशवी मात्र हलवायचे.

*

आणि मग ती बैठक. बाजारात कुठेही कापड कुरतडलं की खापर सरांवर फुटायचं. शेवटी व्यापारी जमले, सरांना बाजारातून काढायचं ठरवायला. आमचं इतक्या वर्षांचं सगळं काम त्या गोदामांत होतं. बाजार गेला की तेही गेलं. सर तर चक्क टाय लावून आले होते.

प्रत्येक दुकानाच्या उंदरांना आम्ही वेगळा रंग द्यायचो. धनराजशेठचे निळे, समोरच्या केवलशेठचे पिवळे. पण त्याच आठवड्यात पिंजऱ्यांची अदलाबदल होऊन सरांनी एक निळा उंदीर केवलशेठकडे सोडला होता.

पहिले धनराजशेठच उठले. "या सरले काढाचं तर काढा. पण माझा निळा उंदीर याच्या दुकानात काहून खाऊन राहिला? आधी तो मले वापस पाहिजे."

केवलशेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "नाही देत. तो आता आमच्यात रमला."

मग जे पेटलं ते पेटलं. अर्धा बाजार धनराजशेठच्या बाजूने, अर्धा केवलशेठच्या. सर समजवायला उठले तर दोन्ही बाजूंनी मिळून त्यांना खाली बसवलं. दिवेलागणीला अध्यक्षांनी एकमताने झालेला ठराव वाचला. निळ्याचा निकाल लागेपर्यंत बोरकुटे सरांनी बाजार सोडून कुठेही जायचं नाही.