कॅसेटीत न मावलेलं गाणं

बोटीवर इंजिन रूममध्ये नोकरी केलेला तो चाचा मला एकदाच भेटला, रत्नागिरी-राजापूर एसटीत. मेंदी लावलेली दाढी, कानात वॉकमन आणि मांडीवर बोटांनी चाललेला ड्रम. जिल्ह्यात हेवी मेटल ऐकणारा मी एकटाच, अशी कॉलेजातली माझी ऐट तिथेच उतरली.

त्याच्या वॉकमनमध्ये माझाच लाडका बँड वाजत होता, आणि त्याची मतं ठाम होती. "या बँडच्या पहिल्या अल्बमात गिटारवाला नुसता धावतो, कुत्रं पाठी लागल्यासारखा. दुसरा ऐक. त्यात चाल हाय."

तो दुसरा अल्बम माझा जीव की प्राण. त्यातलं शेवटचं लांबलचक गाणं ऐन भरात तुटतं, हे केवढं धाडस, असं मी मित्रांना सांगायचो. तेच त्यालाही सांगितलं.

"तुटतं? कॅसेट भरून घेतलीस ना? साठ मिनिटांच्या कॅसेटीत मावलं नसेल, बाबा."

त्यानं दुबईहून आणलेली आपली कॅसेट पुढे पळवली आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवला. तो सगळा गदारोळ ओसरला आणि सुरुवातीची चाल हळूहळू परत आली, होडी खाडीत शिरावी तशी. इतके दिवस त्या तुटलेल्या टोकाशी मी दरवेळी दचकत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"धुडगूस कोणपण घालील," तो म्हणाला. "घरी परत येता आलं पाहिजे."

लांजा आलं. मी उठू लागलो, तर त्यानं खांदा दाबून मला खाली बसवलं. "पुरं ऐक. एसटी दुसरी मिळेल."

माझं गाव मागे पडलं. इतकं हायसं मला वेळेवर घरी पोचूनही कधी वाटलेलं नाही.