काचेपलीकडची अकरा मिनिटं

परदेशप्रवासाची इतकी निर्दोष तयारी केलेला, आणि तरीही बोरीबंदरच्या पलीकडे कधीही न गेलेला माणूस आमच्या मावळात दुसरा झाला नाही. बातमीदारीत उभं आयुष्य गेल्यामुळे 'पहिला', 'एकमेव', 'दुसरा नाही' असे शब्द मी सहसा वापरत नाही. ते वापरले की दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पत्र येतं. इथे मात्र पत्र येणार नाही अशी माझी खात्री आहे.

ते माझ्या आतेबहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, मीही म्हणत असे. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्यांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या काही पेट्या, कागदाच्या रिमांची एक लांब फळी, आणि मशीन चालवायला कुरवंड्याहून रोज डोंगर उतरून येणारा दगडू. खिळे भाऊ स्वतः जुळवत. मुद्रितंही स्वतःच तपासत, आणि एकदा तपासलेलं पुन्हा तपासत. चिक्कीची लेबलं, लग्नपत्रिका, कामशेतच्या भाताच्या व्यापाऱ्यांची पावतीपुस्तकं असलं काम येई. ते वेळेवर होत नसे, पण त्यात चूक नसे. अडचण अशी होती, की भाऊ फक्त अक्षरांच्या चुका काढून थांबत नसत. एका चिक्कीवाल्याने लेबलावर 'साजूक तुपातील' असं लिहून आणलं. भाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, "तूप कुठे आहे?" तो म्हणाला, "छापायची पद्धत आहे, भाऊ." भाऊंनी ती पद्धत मोडली, आणि तो चिक्कीवाला पुढची सगळी लेबलं तळेगावला छापू लागला. एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावापुढे 'बी. ए.' होतं. तो मुलगा भाऊंच्या ओळखीतला. पत्रिका छापून आली तेव्हा त्यावर 'बी. ए. (एक विषय राहिला)' असं होतं. ते लग्न झालं, पण त्या घरातल्या कुणी भाऊंशी पुढे बोललं नाही. "मी खोटं काय छापलं?" एवढंच भाऊ विचारत राहिले.

मुद्रितं तपासताना एखाद्या शब्दावर काट मारली आणि मग वाटलं की मूळचाच बरोबर होता, तर त्याच्याखाली ठिपके देतात आणि समासात 'असू द्या' लिहितात. छापखान्यातली ही सर्वांत दयाळू खूण. भाऊ ती वर्षातून एखाद्या वेळीच वापरत. "लग्नाला तेवीस वर्षं झाली," अक्का एकदा मला म्हणाली, "पण मला एकदासुद्धा ठिपके मिळाले नाहीत."

या माणसाच्या आयुष्यात एक यंत्र आलं. आलं म्हणजे त्याची माहितीपुस्तिका आली. समोर बसून कळा दाबायच्या, की आतल्या वितळलेल्या शिशातून अख्खी ओळ एकसंध ओतून बाहेर पडते, असं ते परदेशी यंत्र. आणि त्यावर देवनागरीसुद्धा होती. पुस्तिकेतलं कळफलकाचं चित्र भाऊंनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांना चूक सापडली. मराठीत सर्वांत जास्त लागतो काना, आणि कंपनीने तो दिला होता करंगळीला. "सर्वांत दुबळ्या बोटाला सर्वांत जास्त काम," भाऊ म्हणाले, "हे घरात चालतं, यंत्रात चालू नये." (अक्काने तेव्हा त्यांच्याकडे जे पाहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.) त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. अशी तेरा वर्षं लिहिली. दरम्यान माझ्याकडून आमच्या पुण्याच्या दैनिकाची रद्दी मागवून त्यांनी कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं, आणि सागवानी फळीवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून, त्यांवर अक्षरं रंगवून, दोन कळफलक तयार केले: एक कंपनीचा, एक स्वतःचा. स्वतःच्या फळीवर काना उजव्या तर्जनीखाली होता. रोज दुपारी जेवण झालं की भाऊ त्या फळीसमोर बसून, डोळे मिटून, आमचा अग्रलेख बुचांवर बडवत. दगडू सांगे, "येका अक्षराचा आवाज न्हाई, शाई न्हाई, पर घाम किती गाळत्यात बघा."

प्रत्यक्ष यंत्र त्यांनी एकदाच पाहिलं. मुंबईतल्या एका मोठ्या छापखान्यात ते होतं. भाऊ पहाटेच्या गाडीने गेले. बाहेरच्या माणसाला आत सोडायची तिथे रीत नव्हती. पहारेकऱ्याने दया येऊन त्यांना व्हरांड्यातल्या काचेपाशी उभं केलं. अकरा मिनिटांनी फोरमनचं लक्ष गेलं आणि पडदा ओढला गेला. अकरा हा आकडा भाऊंचाच. त्यांनी घड्याळ लावलं होतं.

पानशेतच्या पुरानंतर तीन-चार वर्षांनी पश्चिम जर्मनीतून जाड पाकीट आलं. त्या यंत्रावर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. कंपनीतल्या कुणीतरी भाऊंची तेरा वर्षांची पत्रं परिषदेकडे पाठवली होती, आणि परिषदेने त्यांना देवनागरी कळफलकावर बोलायला बोलावलं होतं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च परिषदेचा. परिषदेला चौदा महिने होते. भाऊ म्हणाले, "वेळ कमी आहे."

त्यानंतर लोणावळ्यात जे चाललं त्याला तयारी म्हणणं अपुरं आहे. बोटीतला बिछाना अरुंद असतो असं कुठेतरी वाचून ते दुपारी रिमांच्या फळीवर झोपू लागले. फळी दीड हात रुंद होती, आणि दोनदा ते कागदासकट खाली आले. खंडाळ्याच्या एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी एक लोकरी ओव्हरकोट घेतला. तो कुणा धिप्पाड माणसाचा होता. परक्या कोटाची आणि परक्या बुटांची सवय व्हावी म्हणून भाऊ दोन्ही घालून कुरवंड्याच्या रस्त्याने नागफणीच्या कड्यापर्यंत चालत जात. वाटेत वाडीतल्या बाया कामं टाकून पाहत उभ्या राहत. एका म्हातारीने दगडूला विचारलं, "आरं, त्यो मानूस आजारी हाय का?" दगडू म्हणाला, "न्हाई मावशी, जर्मनीला चाललाय." म्हातारी म्हणाली, "ह्या वाटंनं?"

जर्मन भाषा येत नव्हती, पण भाऊंना त्याची चिंता नव्हती. बोलता येत नसलं तरी छापता येत होतं. शब्दकोश समोर ठेवून त्यांनी वाक्यं तयार केली, पुण्याच्या एका जर्मन शिकवणाऱ्या बाईंकडून ती तीनदा तपासून आणली, आणि छोटी कार्डं छापली. प्रसंग आला की कार्ड पुढे करायचं. 'मी मांस खात नाही', पन्नास प्रती. 'स्टेशन कुठे आहे', पन्नास प्रती. 'ही माझी पेटी नव्हे', पंचवीस. आणि 'क्षमा करा, आपल्या इथे छपाईची एक चूक आहे', दोनशे प्रती.

पासपोर्ट आला. परकीय चलनाचा परवाना आला. पासपोर्टच्या अर्जात ओळखीची खूण म्हणून भाऊंनी 'उजव्या तर्जनीवर शिशाचा डाग, कायमचा' असं लिहिलं होतं. बोटीचं तिकीट परिषदेकडून यायचं राहिलं होतं, आणि त्याआधी इंग्रजीत छापलेली कार्यक्रमपत्रिका आली. दोन प्रती होत्या. काही दुरुस्ती असल्यास उलट टपाली कळवावी, अशी चिठ्ठी सोबत होती.

तो रविवार होता आणि मी लोणावळ्यात होतो. भाऊंनी कार्यक्रमपत्रिका टेबलावर पसरली, चष्मा पुसला, आणि लाल पेन्सिल घेतली. बाराव्या पानावर त्यांचं नाव होतं, अचूक. खाली लिहिलं होतं: 'तेरा वर्षं या यंत्रावर काम करणारे अनुभवी जुळारी, लोणावळा, भारत.' तेरा वर्षांच्या पत्रांवरून तिथल्या कुणीतरी तसा समज करून घेतला असणार. शेवटच्या पानावर परिषदेचे नियम होते. प्रत्यक्ष यंत्रावर काम करणाऱ्यांनाच बोलता येईल आणि त्यांचाच खर्च परिषद करील, असा तिसरा नियम होता. भाऊंनी दोन्ही पानं आम्हा सर्वांना वाचून दाखवली. 

"त्यात काय एवढं?" अक्का म्हणाली. "तिथे गेल्यावर तोंडाने सांगा ना."

"छापलंय ते," भाऊ म्हणाले.

"भाऊ, तितं कोन बघाया येतंय?" दगडू म्हणाला. "तुमास्नी समदं येतंय की. फळीवर करता, ते मशीनवर केलं म्हणायचं."

"तू गप्प बस."

"आमी गप्पच हाये. पर तुमी बी येकदा गप्प बसा की."

भाऊ माझ्याकडे वळले. "तुझ्या पेपरात असं छापून आलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

मी खूप गोष्टी म्हणू शकलो असतो. अकरा मिनिटं का होईना, तुम्ही ते पाहिलं आहे, असं म्हणू शकलो असतो. त्या यंत्रावर रोज बसणाऱ्यांपैकी कुणालाही करंगळीचं दुखणं दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं, असंही म्हणता आलं असतं. पण मला वृत्तकक्षाने एकच शिस्त लावली होती आणि मला तिचा अभिमान होता. मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी खुलासा दिला असता."

भाऊंनी मान हलवली. दोन्ही प्रतींवर 'तेरा वर्षं या यंत्रावर काम करणारे अनुभवी' या शब्दांवर त्यांनी सरळ काट मारली आणि समासात सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: 'वस्तुस्थिती अशी की, मी हे यंत्र एकदाच, काचेपलीकडून, अकरा मिनिटं पाहिलं आहे.' एक प्रत ठेवून घेतली, दुसरी पाकिटात घातली. पुण्याहून टपाल लवकर निघतं म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं. अक्का दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "पेटीत टाकलंच पाहिजे का रे?"

मी टाकलं. पुणे स्टेशनवर उतरल्याबरोबर टाकलं.

महिन्याभराने उत्तर आलं. फार सभ्य पत्र होतं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आभारी आहोत. नियमामुळे आमचा नाइलाज आहे. स्वखर्चाने श्रोता म्हणून आलात तर स्वागतच होईल. स्वखर्च हा शब्द त्या घरात कुणी दुसऱ्यांदा उच्चारला नाही. भाऊंनी पत्र मात्र दोनदा वाचलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं छापलंय. एक चूक नाही." मग कोट ट्रंकेत गेला. जर्मन कार्डं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कोऱ्या बाजूवर भाऊंनी एका व्यापाऱ्याच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या छापून दिल्या. पुढे किती तरी महिने कामशेतच्या बाजारात भाताच्या पोत्यांना 'मी मांस खात नाही' असं लावलेलं असे, आणि ते वाचू शकणारा माणूस मावळात एकच होता.

काही वर्षांनी आमच्या दैनिकाने तेच यंत्र घेतलं. मी पत्र टाकलं आणि भाऊ आले. मार्चचं ऊन होतं, तरी अंगात ओव्हरकोट होता. तोवर डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. चालवणारा तरुण बाजूला झाला. भाऊ खुर्चीत बसले, हात कळांवर नुसते ठेवले, डोळे मिटले आणि 'लोणावळा' एवढा एकच शब्द दाबला. यंत्र खडखडलं आणि ओळ बाहेर पडली. ती निवेपर्यंत ते थांबले. मग ओळ उजेडात धरून त्यांनी ती उलटी वाचली, जशी त्यांनी आयुष्यभर प्रत्येक ओळ वाचली होती. जिथे जिथे काना हवा, तिथे भलतंच अक्षर पडलं होतं.

"आबा," तरुण म्हणाला, "काना तिकडे नाही. करंगळीखाली आहे तो."

"ठाऊक आहे," भाऊ म्हणाले. "तिथे नको होता."

सोडायला मी स्टेशनवर गेलो. कोटाच्या खिशात ती जुनी कार्यक्रमपत्रिका होती. ती काढून त्यांनी गुडघ्यांवर ठेवली. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, आता तुम्ही यंत्रावर काम केलंत. त्या काट मारलेल्या शब्दांखाली ठिपके द्यायला आता हरकत नाही."

त्यांनी खरोखर विचार केला. गाडी यायला वेळ होता. मग म्हणाले, "नाही रे. तेव्हा ती चूकच होती." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तू ते पाकीट इतक्या घाईने टाकायला नको होतंस."

इतकं सोडून त्या विषयावर ते मला कधी काही बोलले नाहीत. आता भाऊ नाहीत, अक्का नाही. छापखान्याच्या जागी चिक्कीचं दुकान आहे. ती शिशाची ओळ भाऊंनी परत वितळवायला सांगितली होती, पण मी ती खिशात घातली. माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. छपाईतलं कळणारा कुणी आला की ती उचलतो, उलटी वाचतो आणि मला सांगतो, की यात चूक आहे.

मी म्हणतो, असू द्या.