अकरावर अडकलेला काटा

ब्राउझरमध्ये कोड लिहून काट्यांचं घड्याळ काढायचं, खऱ्या वेळेवर चालणारं. वेळ अकरा ते बारा, आणि फाईल एकदाच पाठवता येणार. नोकरीसाठीची ही माझी चौथी परीक्षा. तीन ठिकाणी नकार पचवला होता. हीही गेली तर मी मुकाट्याने बीएडला जायचं, असं घरात ठरलं होतं. मला बीएड नको होतं.

देऊळगाव राजातल्या आमच्या समोरच्या खोलीत मी लॅपटॉप मांडून बसले. मागे दिवाणावर बाबा. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत गेली. भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि जालन्याची, बुलढाण्याची गाडी पुकारायची.

तबकडी आणि आकडे झटपट जमले. काटे लावले आणि घात झाला. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली, घड्याळ दाखवतंय दोन पंचवीस. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले की हे तर भलतंच पुढे पळतंय. माझा पारा चढला.

"बाबा, यातलं तुम्हाले काही समजत नाही. मी पाठवेपर्यंत एक शब्द बोलू नका."

ते दिवाणावर मागे सरकले. चूक सापडली. कोडमधला शून्य अंश बाराच्या आकड्यापाशी नसतो, तीनपाशी असतो. नव्वद अंश वजा केल्यावर काटे जागेवर आले. मग रंग, जाडी, सेकंदाचा काटा. मागे दिवाण दोनदा करकरला, बाबांनी घसा खाकरला. मी वळूनही पाहिलं नाही.

पावणेबाराला फाईल पाठवली. पंधरा मिनिटं राखून पाठवली म्हणून ऐटीत वळले. बाबा उभे होते, नजर स्क्रीनवर.

"पावणेबारा वाजले," ते म्हणाले. "तुह्या घड्याळातला लहान काटा अजून अकरावरच हाय."

मिनिटकाटा नऊवर होता आणि तासकाटा अकरावर खिळलेला. कोडमध्ये त्याला मी फक्त तास दिला होता; ज्यांच्याबरोबर तो हळूहळू बाराकडे सरकला असता, ती मिनिटं दिलीच नव्हती. एका ओळीचं काम. सुरुवातीला अकराच वाजत होते, म्हणून डोळ्यांना खुपलं नाही. तुम्हाला कधी दिसलं, मी विचारलं. साडेअकरापासून, ते म्हणाले.

"मग बोलले काऊन नाही?"

"तूच म्हणली होती नं, बोलू नका."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. उरलेली पंधरा मिनिटं आम्ही दोघं ते चुकीचं घड्याळ बघत बसलो. बारा वाजले तसा तो काटा उडी मारून बारावर गेला, आणि घड्याळ बरोबर झालं.