आकाशातल्या फणसोपची दिवाबत्ती

फणसोपच्या खालच्या वाडीत किल्ल्यांचा आवाज आला की तिन्हीसांज झाली असं समजायचं. तो आवाज उमाआत्यांचा. पन्नाशी उलटलेली शेलाटी बाई, पायात रबरी चपला, एका हातात तेलाची बुधली आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. निम्मी वाडी मुंबईला राहते. जाताना माणसं दाराला कुलूप लावतात आणि किल्ली उमाआत्यांच्या हवाली करतात, ती काही चोरांच्या भीतीने नव्हे. चोराने न्यावं असं त्या घरांत उरलंय काय? किल्ली द्यायची ती दिव्यासाठी. रोज दार उघडून देवापुढे वात लावायची, ती विझेपर्यंत तिथेच पाटावर बसायचं आणि मग कुलूप घालून पुढच्या घरी जायचं. बदल्यात गणपतीला मुंबईकर पेढ्यांचा पुडा आणि ब्लाउजपीस आणत. ब्लाउजपिसांची आत्यांकडे एक ट्रंक भरली होती आणि अंगाने शेलाट्या असूनही त्यातला एकही त्यांना कधी पुरला नाही, हेही सांगायला हवं.

"माणूस नसलं तरी घराला कळायला हवं, कोणीतरी येतं ते," असं त्या म्हणत. या वाक्यापलीकडे त्यांनी आपल्या कामाचं कधी कौतुक केलं नाही.

स्वतः आत्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या गावाकडे तीन-चार कथा आहेत आणि सगळ्या खोट्या. खरी गोष्ट एवढीच, की थोरल्या भावाची, चारुदत्त आठवल्यांची, बायको गेली तेव्हा अनिश चार वर्षांचा होता आणि तो आत्यांच्या पदराला धरून बसला, तो बसलाच. चारुदादा कलमांच्या बागेत आणि बाजारात असत. पोराचं दुखलंखुपलं, शाळा, डबा, रुसवा सगळं आत्यांकडे. तो रत्नागिरीत इंजिनिअरिंगला जायला लागला, घरी कॉम्प्युटर आला, पाठोपाठ टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं, तेव्हा त्या खोलीत चहा घेऊन जाणाऱ्याही आत्याच होत्या.

पडद्यावर काळंभोर आकाश आणि त्यात ठिपके. हे काय, असं आत्यांनी विचारलं आणि अनिशने त्यांना खुर्चीवर बसवलं. जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात असा तो अवकाशातला खेळ होता. ग्रहाग्रहांवर जायचं, माल न्यायचा, व्यापार करायचा. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आत्या त्याला नुसतं 'आकाश' म्हणत. आठवड्याभरात त्यांचं स्वतःचं खातं झालं, स्वतःचं जहाज झालं आणि वाडीतला शेवटचा दिवा लावून झाला की त्या आकाशात जाऊ लागल्या.

त्या आकाशात दोन पंगती होत्या. एक वर्गणीवाल्यांची, दुसरी फुकट्यांची. वर्गणीवाल्यांना मोठी जहाजं, लांबलांबचे तारे आणि स्वतःचं स्टेशन बांधायची मुभा. फुकट्याला मिळे एक होडकं. ते जवळच्या चार ताऱ्यांपलीकडे जात नसे. फुकट्याने बोलायचं तेही सगळ्यांसमक्ष चव्हाट्यावर. खासगीत बोलायचं तर आधी वर्गणीवाल्याने हाक मारायला हवी. आत्या अर्थातच फुकट्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या आपल्या पाण्याची पिंपं इकडून तिकडे न्यायच्या, येताना चव्हाट्यावर सगळ्यांना नमस्कार करायच्या आणि निघताना 'येते हं' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. पुढे पुढे फिनलंडातला एक दाढीवाला बाप्याही निघताना 'येते हं' म्हणायला लागला. आत्यांनी त्याला कधी सुधारलं नाही.

अनिश मात्र वर्गणीवाला. शिकवण्यांच्या पैशांतून, एका मित्राच्या कार्डावरून, तो वर्गणी भरे. एका निळ्या ग्रहाजवळ त्याने स्टेशन बांधलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'फणसोप'. तो आत असला की नावाशेजारी हिरवा दिवा लागे. आत्यांचं होडकं तिथे टेकलं की तो पलीकडच्या खुर्चीवरून नव्हे, तर स्टेशनातून लिहायचा, "या आत्या, पाय धुवा." त्याच मित्राचा लॅपटॉप मांडीवर घेऊन तो बसे आणि दोघं एकाच खोलीत हे करत आणि हसत. परीक्षेच्या दिवसांत त्याने आत्यांना आपला पासवर्डही देऊन ठेवला होता, स्टेशनावर लक्ष ठेवायला.

मग दोन हजार सातच्या माघात घरात ते भांडण झालं.

चारुदादांनी चार लोकांकडे शब्द टाकून अंजनवेलच्या वीज प्रकल्पात अनिशची मुलाखत ठरवली होती. अनिश गेला नाही. त्याला हैदराबादला कॉम्प्युटरचे खेळ करणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं होतं, ते त्याने घरात आधी सांगितलं नाही आणि नंतर सांगितलं ते भलत्या वेळी. चारुदादा म्हणजे मूळचा भला माणूस, पण राग आला की त्यांना समोरचं दिसत नाही. त्या डबड्यापायी पोरगा वाया गेला, शब्द टाकलेल्या लोकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं बरंच काही ते बोलले. शेवटी म्हणाले, "जा मग. इथे आता तुझं आहे काय?"

अनिश गेला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, हे त्यांना पुढे फार लागलं.

त्यानंतर पाडव्याला एकदा फोन वाजला. चारुदादांनी उचलला, दोन्हीकडून कोणी बोललं नाही आणि रिसीव्हर खाली गेला. आत्यांनी ईमेल केल्या की "बरा आहे, काळजी नको" एवढं उत्तर यायचं. मेच्या शेवटी अनिशची वर्गणी संपली आणि त्याने ती भरली नाही. एका संध्याकाळी आत्या होडकं घेऊन गेल्या तर स्टेशनाचं नाव करडं पडलेलं, दारं मिटलेली आणि वर पाटी: मालक फुकट खात्यावर आहे, दोन महिने फिरकला नाही तर स्टेशन मोडून जागा दुसऱ्याला देण्यात येईल.

आत्यांनी लगेच त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "जाऊ दे आत्या. तिथे आता माझं काय आहे?"

बापाचंच वाक्य. आत्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. त्यांना एकच दिसत होतं, की पोराने स्वतःहून फणसोप नाव देऊन बांधलेली तेवढी एकच जागा उरली आहे. ती गेली की त्याच्या मनातून हेही फणसोप जाईल. गणपतीला नाही, दिवाळीला नाही, मग तो येणारच नाही. बाहेरच्याला हे खुळेपण वाटेल. पण ज्या बाईने आयुष्यभर बंद घरं जागती ठेवली, तिला दुसरं काय वाटणार होतं?

म्हणून त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. वाडीतली घरं झाली की आधी अनिशच्या नावाने आकाशात जायचं, स्टेशनाचा हिरवा दिवा लावायचा, थोडं बसायचं, बाहेर पडायचं आणि मग आपल्या नावाने जाऊन पाणी वाहायचं. जून गेला, जुलै लागला. करडं का होईना, फणसोप जागेवर होतं.

आणि एक दिवस दोन्ही खात्यांना कुलूप लागलं. खेळ चालवणाऱ्यांच्या नजरेस आलं होतं, की एकाच यंत्रावरून एकच माणूस दोन फुकट खाती चालवतो. ही लबाडी तिथे रोजची. वर्गणी चुकवायला लोक दहा-दहा फुकट खाती काढून माल वाहतात. नियम साधा: एक माणूस, एक फुकट खातं. आत्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी लबाड म्हटलं होतं, आणि तेही इंग्रजीत.

त्यांनी तक्रारीच्या खिडकीत आपल्या शाळकरी इंग्रजीत सगळं लिहिलं. आमच्या गावात लोक घर बंद करून दूर जातात, शेजारीण रोज दिवा लावते, ती काही त्या घराची मालकीण होत नाही. तिकडच्या कोणा कारभाऱ्याचं उत्तर आलं. माणूस बरा असावा. त्याने लिहिलं, की ही रीत आपल्याला फार आवडली, पण नियम तो नियम. खातं वर्गणीचं असेल तर मात्र मालकाच्या गैरहजेरीत राखणदार नेमता येतो. दोघांपैकी अनिशचं खातं वर्गणीचं झालं तर तुम्हाला रीतसर राखणदार करतो, नाहीतर महिनाअखेर ते खातं स्टेशनासकट मोडावं लागेल.

वर्गणीला क्रेडिट कार्ड लागे. घरात कार्ड एकच होतं. बँकेने चारुदादांच्या गळ्यात मारलेलं. ते त्यांनी 'सापळा आहे' म्हणून पाकिटासकट कपाटात टाकलं होतं.

चारुदादा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आत्या समोर जाऊन बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या डबड्याचं नाव काढल्यावर दादांच्या कपाळावर शीर उठलीच. "काय गो उमे, वेड लागलं तुला? आकाशातल्या घराला वर्गणी?"

"मुंबईकरांच्या घरी मी रोज दिवा लावते ना, दादा," आत्या म्हणाल्या. "आपल्या पोराचं एक घर आहे. तिथे नको लावू?"

अडकित्ता थांबला. आत्यांना वाटलं, आता हा उठून जाणार. पण ते उठले नाहीत. त्यांनी खाली बघूनच विचारलं, "नाव काय ठेवलंन घराचं?"

"फणसोप."

दादा पुन्हा सुपारी कातरायला लागले. इतकी बारीक कातरली की तिचं पीठ झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाकीट घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आले. अनिश गेल्यापासून त्या खोलीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. चष्मा लावून त्यांनी पडद्यावरची वर्गणीवाल्यांच्या सोयींची पाटी सबंध वाचली. वाचल्याशिवाय त्यांनी कधी कुठे सही केलेली नाही. मग म्हणाले, "लांबचे तारे बघायला मिळतात म्हणतो. तुझ्या खात्याचीही भरूया का?"

आत्यांच्या मनात ते तारे नव्हते असं नाही. तांबड्या धुक्यातला एक तारा अनिशने त्यांना आपल्या जहाजातून एकदा दाखवला होता. तिथे स्वतःच्या होडक्यातून जावं असं त्यांना फार वाटे. पण दादांनी एकदा भरलं हेच पुष्कळ होतं. त्या म्हणाल्या, "मला कुठे जायचंय? त्याचीच भर."

दादांनी एका बोटाने कार्डावरचे आकडे दाबले, मग पाठीवरचे दाबले, मग स्वतःचं नाव इंग्रजीत पूर्ण घातलं, चारुदत्त विष्णू आठवले. पडद्याने आभार मानले. "म्हणजे झालं?" असं विचारून ते बागेत निघून गेले. अशा वर्गणीची पावती भरणाऱ्याच्या नावासकट खात्याच्या मालकाला जाते, हे त्या दोघांच्याही गावी नव्हतं.

त्या संध्याकाळी आत्यांना धीर धरवला नाही. वाडीतली घरं तशीच ठेवून, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकून त्या आधी कॉम्प्युटरपाशी बसल्या. कुलूप निघालं होतं. होडकं घेऊन त्या निळ्या ग्रहाकडे गेल्या. फणसोपचं नाव पुन्हा पांढरंशुभ्र झालं होतं आणि त्याच्या शेजारी हिरवा दिवा आधीच लागलेला होता.

 पडद्याच्या कोपऱ्यात खासगी हाक आली.

"आत्या, पावती आली. बाबांचं नाव आहे तिच्यावर."

"हो," आत्यांनी लिहिलं.

"तू भरायला लावलेस?"

"मी विचारलं. भरले त्याने. चष्मा लावून, सगळं वाचून."

"काही बोलले?"

"घराचं नाव काय ते विचारलंन."

 हिरवा दिवा तसाच होता. आत्यांना डोळ्यांतल्या पाण्याने धड दिसेना. पदराने डोळे पुसून त्यांनी बघितलं तेव्हा खाली एक ओळ आली होती, "गणपतीला येऊ का, विचारशील?"

आत्या वळल्या. विचारायची गरज नव्हती. दादा केव्हाचे खुर्चीमागे उभे होते. टेबलावर आगपेटी शोधत असल्यासारखे, पण चष्मा डोळ्यांवर होता.

"विचारायचं काय त्यात," दादा म्हणाले.  "त्याचं घर आहे म्हणावं. आणि हेही लिही, मी म्हणालो म्हणून."

आत्या एकेक अक्षर शोधून लिहायला लागल्या. बाहेर अंधारून आलं होतं. वाडीतली सगळी घरं अजून बिनदिव्याची होती आणि आत्यांना त्याचं भान नव्हतं. चारुदादांनी टेबलावरचा जुडगा उचलला, कोनाड्यातली बुधली घेतली आणि कुठली किल्ली कुठल्या घराची हे एकदा विचारून घेऊन ते घरापुढच्या खळ्यातून खाली वाडीकडे गेले.