घोडीचा व्हिडिओ

वरातीला घोडी देणारे आमचे शेजारी अंगणात तिची जरीची झूल काढत होते. खाली पाठीवर ओली जखम! माझं डोकंच फिरलं. गॅलरीतून व्हिडिओ काढला आणि स्वतःचं नाव लपवून फेसबुकवर टाकला.

दोन दिवसांनी ते मोबाईल घेऊन दारात. बसायला हाताला लागली ती चादर अंथरली.

"लोकांनी काय लिवलंय, वाचून दाखवा की. आमाला कुटं वाचता येतंय?"

'याला फोडून काढा,' असंच सगळ्यांनी लिहिलेलं. ते कसं वाचून दाखवणार? तेवढ्यात त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. कोपऱ्यात आमच्या गॅलरीत वाळत घातलेली लाल मोरांची चादर हलत होती.

मी नजर खाली वळवली. त्यांचा हात त्याच मोरावर टेकला होता.